केसरचं म्हणणं

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात रखमाजी नावाचा बुरूड राहत होता. टोपल्या आणि सुपं विणून तो घर चालवी. घरात बायको तुळसा आणि लहानगी लेक केसर.

तरुणपणी रखमाजी पुरात वाहून चालला होता, तेव्हा दौलत नावाच्या मित्राने उडी टाकून त्याला बाहेर ओढलं. दौलतला सारं गाव मान देई. गावच्या पोरांना विहिरीवर पोहायला तोच शिकवी. रखमाजी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "हा नसता तर मी नसतो."

एका उन्हाळ्यात केसर विहिरीवर जायला नाही म्हणू लागली. पोर पाण्याला भिते असं वाटून रखमाजी तिच्यावर ओरडला. तशी ती रडत म्हणाली, "आबा, मला पाण्याची भीती नाही वाटत. दौलतकाका नको तिथे हात लावतात. आणि म्हणतात, सांगितलंस तरी तुझं कुणी खरं मानणार नाही."

रखमाजीच्या हातातली बांबूची कामटी गळून पडली. "अगं, शिकवताना धरावं लागतं. तुझाच काहीतरी गैरसमज झाला असेल," तो बोलून गेला. केसर आत जाऊन कोपऱ्यात बसली.

रखमाजीचे हात चालेनात. ज्याने आपला जीव वाचवला, तो असं करेल? आणि केलं नसेल, तर पोर एवढी रडते कशाला? दौलतला दोषी म्हणावं तर उपकार आठवत, केसरला खोटी म्हणावं तर तिचा चेहरा समोर येई. अखेर त्याने तुळसाला सारं सांगितलं. ती म्हणाली, "माझंही डोकं चालत नाही हो. पण असं सांगून तिला काय मिळणार?"

रखमाजी उठला आणि केसरशेजारी जमिनीवर बसला. "मघाशी मी चुकलो, बाळ. तू सांगतेस ते मी खरं मानतो. यात तुझी काहीच चूक नाही."

संध्याकाळी केसर का आली नाही, हे विचारत दौलत दारात उभा राहिला. रखमाजीने त्याला उंबऱ्यातच अडवलं आणि केसरने सारं सांगितल्याचं सुनावलं.

"पोरीच्या बोलण्यावर जातोस? तुझा जीव कुणी वाचवला, विसरलास?"

"विसरलो नाही. पण त्याची फेड माझ्या लेकीने करायची नाही."

दुसऱ्या दिवशी रखमाजी आणि तुळसा पोलिसांकडे गेले. साध्या वेशातल्या एका पोलीस बाईने केसरचं सारं सावकाश ऐकून घेतलं. दौलतला अटक झाली. देवमाणसावर आळ घेतला म्हणून लोक रखमाजीशी बोलेनासे झाले. मग एके दिवशी शेजारची शेवंता लेकीचा हात धरून आली. "माझीही हेच सांगत होती, भाऊ. मीच तिला गप्प बसवलं." त्याही पोलिसांकडे गेल्या, तेव्हा गावाची तोंडं बंद झाली.

रखमाजीचा गोंधळ मात्र मिटला नाही. केसरशी बोलायला येणाऱ्या समुपदेशक बाईंना त्याने विचारलं, "मला वाचवणारा दौलत खरा, की हा खरा?"

"दोन्ही खरे," बाई म्हणाल्या. "ते कोडं तुम्हाला सुटेल तेव्हा सुटेल. लेकीला तुम्ही आज हवे आहात."

कितीतरी महिने केसर झोपेत दचकायची, जेमतेम बोलायची. कुणी तिला घाई केली नाही. मग एका दुपारी घरातून मोठा आवाज आला. "आई, आमटी खारट झालीय! मी नाही खाणार, जा!"

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. अंगणात रखमाजी विणायचं थांबवून ते भांडण ऐकत राहिला.

तात्पर्य: मूल छळाविषयी सांगू लागलं, तर समोरच्याचा मान आणि उपकार मोजत बसू नये. आपला गोंधळ मिटायची वाट न पाहता मुलावर विश्वास ठेवावा, त्याला सुरक्षित करावं आणि ते सावरेपर्यंत त्याची साथ सोडू नये.