न विचारलेला धोका

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंपेक्षा भराभर उत्तरे देऊ लागला. गावातल्या वाचनालयाच्या ओसरीवर संध्याकाळी लोक सल्ल्यासाठी येत. वृद्ध गुरुजी विचार करीत बसत, तोवर शिष्याने फोनवर शोधून निकाल देऊनही टाकलेला असे. लोक खूश होत, आणि शिष्य तर होणारच.

एके दिवशी एक आई आली. कडेवर अडीच वर्षांचा मुलगा, जन्मापासून ऐकू न येणारा. कानाच्या आत यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया करावी असे डॉक्टरांचे मत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना होकार किंवा नकार कळवायचा होता. सासूबाई म्हणत होत्या, "आपल्याकडे मुलगे उशिराच बोलतात. एवढ्याशा पोराची चिरफाड कशाला?"

"दादा, बघा ना जरा," ती शिष्याला म्हणाली, "या ऑपरेशनात काय काय धोका असतो?"

शिष्याने तेच शब्द फोनमध्ये टाकले. जंतुसंसर्ग, चक्कर, चेहऱ्याच्या नसेला इजा, बंद पडलेली यंत्रे. प्रत्येक पानाखाली आणखी कुणीतरी घाबरलेली आई काहीबाही विचारत होती. वाचता वाचता तोही घाबरला.

"ताई, मला वाटतं, सध्या थांबलेलं बरं."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "आता हे शोध. ऑपरेशन केलं नाही, तर काय धोका?"

शिष्य चिडला. "गुरुजी, त्या आधीच घाबरल्यात. आणखी कशाला घाबरवायचं?"

"शोध. आणि मोठ्याने वाच."

तो नाइलाजाने वाचू लागला. वय वाढत जाते तसे यंत्र बसवूनही बोलणे शिकणे अवघड होते. यंत्र नको असेल तर खुणांची भाषा आहे, पण तीही लहानपणीच सुरू करायला हवी. बाईचा चेहरा उतरला. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"म्हणजे थांबण्यातही धोका? मग मी करू तरी काय?" ती जवळजवळ ओरडलीच.

गुरुजी शिष्याकडे वळले. "तू वाचलंस ते खोटं नव्हतं. पण हिचा प्रश्न भीतीने घडवला होता, आणि तू तो जसाच्या तसा पुढे केलास. विचारलं तेवढंच तुला मिळालं. म्हणून हिला वाटलं, धोका काय तो करण्यात आहे. काही न करणं हाही निर्णयच असतो. त्याच्या कागदावर कोणी आपली सही मागत नाही, इतकंच."

मग ते बाईला म्हणाले, "पोरी, ऑपरेशन कर असं मी सांगत नाही. ते मुलाला तपासणाऱ्यानंच सांगावं. पण उद्या डॉक्टरांना दोन्ही विचार. माझ्या मुलाचं केलं तर काय, आणि नाही केलं तर काय."

"आणि तरीही भीती वाटली तर?"

"वाटेलच. ती जायची वाट पाहत बसू नकोस."

बाई निघाली. मुलगा एव्हाना पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला खड्यांशी खेळत बसला होता. "पुष्कर, चल," तिने सवयीने हाक मारली. त्याने मान वळवली नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग भानावर येऊन खाली उतरली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे तो वर बघून हसला.

शिष्य ते पाहत उभा होता.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "मी त्यांना थांबायला सांगितलं होतं."