काढ्याचा तळ

वर्षावास संपत आला होता आणि विहारातले भिक्षू नवी चीवरे शिवायला बसले होते. कापड वाटता वाटता रेणुगुप्त नावाचा भिक्षू सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "सोमदिन्नाचं चीवर शिवायचं म्हणजे दोघांचं कापड लागतं. जेवण एकवेळचं आणि अंग हे असं! कुठेतरी पाणी मुरतंय." सगळे हसले. सोमदिन्नही हसला, कारण अशा वेळी जाड माणसाला हसावेच लागते. शास्ता, म्हणजे या भिक्षूंचे गुरू, तेवढ्यात तिथून चालले होते. ते थांबले, हसण्याचे कारण त्यांनी विचारले आणि ते ऐकून म्हणाले, "याला तुम्ही आज पहिल्यांदाच हसताय असं नाही. मागेही हसला होतात." मग सुया थांबल्या आणि शास्त्यांनी ही गोष्ट सांगितली.

फार पूर्वी वैजयंती नगरीवर पृथुसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका ब्राह्मणाच्या घरी जन्माला आले, मोठेपणी घरदार सोडून डोंगरावर गेले आणि तिथल्या तापसांचे आचार्य झाले. अशा गोष्टींत तापस नेहमी पाचशे असतात. या आश्रमात एकोणतीस होते, आणि त्यांतले अठ्ठावीस लाकडासारखे वाळलेले होते.

एकोणतिसाव्याचे नाव सुगात्र. तो गुबगुबीत होता, आणि त्याला त्याचा काही इलाज नव्हता. बारा वर्षांचा असताना तो असाच होता, आणि आश्रमात अकरा वर्षे पानाफळांवर काढल्यावरही असाच होता. आरंभी त्याने एक वेळचे जेवण अर्धे केले, मग अर्ध्याचे पाव केले. त्याने फरक एवढाच पडला की चढणीवर त्याला भोवळ येऊ लागली. चढणीवर भोवळ आली की बाकीचे म्हणत, "खा अजून!" सुगात्र खाली मान घालून चालत राही. लोक इतक्या खात्रीने बोलत की आपणच झोपेत काही खातो की काय, अशी त्यालाही अधूनमधून शंका येई.

सगळ्यांत जास्त बोलत असे कौंडल. हा वयाने मोठा आणि अंगाने इतका सडपातळ की नदीवर स्नानाला गेला की मासेसुद्धा निराश होत. आपल्या बरगड्यांचा त्याला फार अभिमान होता. त्या वर्षी आषाढातच त्याला खोकला जडला. सुगात्राची पर्णकुटी शेजारीच असल्यामुळे ती ढास त्याला रोज ऐकू येई आणि त्याचा जीव कळवळे. एके दिवशी त्याने अडुळशाची पाने उकळून, त्यात मध घालून काढा केला आणि कौंडलापुढे धरला.

"तुझ्या हातचं?" कौंडल म्हणाला. "ज्याला स्वतःची जीभ आवरत नाही, त्याने दुसऱ्याचा घसा बरा करायचा? ने ते परत."

सुगात्राने काढा परत नेला. पण खोकला काही परत गेला नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने काढ्याचा द्रोण हळूच कौंडलाच्या दाराशी ठेवला आणि तो लगबगीने निघून गेला. जाड माणसाला लगबगीने आणि गुपचूप अशा दोन्ही गोष्टी एकदम करणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

कौंडलाने द्रोण पाहिला, इकडेतिकडे पाहिले आणि स्वतःशीच मान डोलावली. द्रोण रोजच येऊ लागला, आणि चारआठ दिवसांत सगळ्या आश्रमाला कळले की कौंडलाच्या तपावर वनदेवता प्रसन्न झाली असून ती रोज त्याच्यासाठी दिव्य रस ठेवून जाते. कौंडल तो रस डोळे मिटून घेई, आणि तळाशी उरलेला गाळ देवीचा भाग म्हणून मोठ्या भक्तीने झाडाच्या बुंध्याशी ओतून देई.

सुगात्राने हे ऐकले आणि गप्प बसायचे ठरवले. देवीचा म्हणून तो पितोय तरी, आपला म्हटले तर थुंकून टाकील. मध आणायला त्याला रोज उजाडता उजाडता दरीकडच्या जुन्या झाडाच्या ढोलीपर्यंत जावे लागे. परत येताना बोटे चिकट असत आणि माश्या डसल्यामुळे गाल सुजलेले असत. ते सुजलेले गाल पाहून आश्रमात कुजबुज होई, "बघा, पावसाळ्यातसुद्धा वाढतोय!"

आता या आश्रमाची एक रीत होती. पावसाळ्याचे चार महिने संपले की पौर्णिमेच्या सकाळी सगळे एकत्र जमत. प्रत्येकाने पाळीपाळीने उभे राहायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "माझा काही दोष कोणी पाहिला असेल, तर मला सांगा." पाहिलेले लपवायचे नाही आणि न पाहिलेले सांगायचे नाही. बहुतेकांची पाळी चार वाक्यांत उरके. सुगात्राची पाळी दरवर्षी ऊन डोक्यावर येईपर्यंत चाले.

त्या वर्षी तर राजाचे निमंत्रणही आले होते. खरे तप कसे असते ते राजाला पाहायचे होते. हिवाळाभर राजाच्या उद्यानात मुक्काम, रोज मीठ घातलेले जेवण आणि तोंडी लावायला लोणचे. डोंगरावर मीठ मिळत नसे, त्यामुळे मोक्षाइतकीच लोणच्याचीही ओढ लागलेले तापस आश्रमात कमी नव्हते.

सुगात्र हात जोडून उभा राहिला, तशी कौंडलाने सुरुवात केली. "आचार्य, हा पहाटे चोरून जातो. येतो तेव्हा याच्या बोटांना मध असतो. मध फक्त आजाऱ्यासाठी, हा आपला नियम आहे. आणि याला घेऊन राजापुढे गेलो, तर राजा म्हणेल की हे तप आहे की मेजवानी? निमंत्रण जाईल, आश्रमाची अब्रूही जाईल. याला आजच आश्रमातून काढा."

सुगात्राचे आईवडील कधीच गेले होते. या डोंगराखेरीज त्याला जगात जागा नव्हती.

"याच्या जेवणावर तू लक्ष ठेवलंस का?" आचार्यांनी शांतपणे विचारले.

"ठेवलं तर! पहिल्या दिवशी उकडलेल्या पानांचे नऊ घास आणि एक कवठ. दुसऱ्या दिवशी आठ घास, कवठ अर्धं."

"अर्धं कुठलं? चांगलं पाऊण होतं," मागून एक तापस म्हणाला.

"आणि आठवा घास मोठा होता," दुसऱ्याने सांगितले.

तिसऱ्याच्या मते आठवा घास बेताचाच होता, सहावा मोठा होता. त्यावरून चांगलीच जुंपली. अठ्ठावीस जणांना चार महिन्यांचे सगळे घास पाठ होते.

आचार्यांनी ते संपू दिले. मग म्हणाले, "कौंडला, त्या दुसऱ्या दिवशी तू स्वतः किती घास खाल्लेस?"

"मी? माझं लक्ष नव्हतं."

"त्या दिवशी ध्यान कशाचं केलंस?"

 

आचार्य सुगात्राकडे वळले. "मध काढतोस?"

"काढतो, आचार्य. रोज."

"कोणासाठी?"

खरे सांगितले तर सुगात्र इथेच राहणार होता. पण सांगितले तर कौंडल पुन्हा द्रोणाला हात लावणार नव्हता, आणि थंडी तर आता कुठे सुरू होत होती. "ते सांगता येणार नाही," तो कसाबसा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"झालं! कबूलच केलं याने," कौंडल म्हणाला.

"निर्णय सगळ्यांची पाळी झाल्यावर," आचार्य म्हणाले. "आता तू उभा राहा."

कौंडल ताठ उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "माझा काही दोष कोणी पाहिला असेल, तर मला सांगा." कोणी बोलेना. ही शांतता म्हणजे आपली स्तुतीच आहे असे कौंडलाला वाटले. खरी गोष्ट अशी होती, की चार महिने सगळे सुगात्राकडे पाहत असल्यामुळे कौंडलाकडे कोणाची नजरच गेली नव्हती.

"सुगात्रा, तू काही पाहिलंस?"

सुगात्र भोळा होता आणि नियम म्हणजे नियम. "दोष असा नाही, आचार्य. एकच आहे. हे काढ्याचा तळ ओतून टाकतात. औषध सगळं तळाशी बसतं हो! म्हणून तर यांचा खोकला अर्धाच गेलाय. मी किती ढवळून ठेवतो, पण..."

एवढे बोलून त्याने जीभ चावली. नेमका त्याच वेळी कौंडलाला खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना.

"म्हणजे वनदेवता..." ढास थांबल्यावर कौंडलाने सुगात्राला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. ती चिकट बोटे पाहिली, ते सुजलेले गाल पाहिले. असली वनदेवता त्याच्या कधी ध्यानीमनीही आली नव्हती. तो मटकन खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतले.

"सुगात्र निर्दोष आहे!" तापस ओरडू लागले. "त्याने मध खाल्लाच नाही!"

"आणि खाल्ला असता तर?" आचार्यांनी विचारले.

उत्तरही त्यांनीच दिले.

"तर एक माणूस भुकेला आहे, एवढंच तुम्हाला कळलं असतं. भुकेल्याला डोंगरावरून हाकलायचं, हे मी तुम्हाला कधी शिकवलं?"

"पण आचार्य," एका तापसाला राहवेना, "खात नाही, तर मग हा जाड कशाने?"

"ते मला ठाऊक नाही," आचार्य म्हणाले. "चिंच एवढी ऐसपैस का वाढते आणि बोरी एवढीशी का राहते, तेही ठाऊक नाही. मी दोन्हींच्या सावलीत बसतो. उद्या नगरात जाताना सुगात्र सगळ्यांत पुढे चालेल."

"राजा हसला तर? निमंत्रण गेलं तर?"

"तर मीठ न खाता परत येऊ. इतकी वर्षं कुठे खाल्लंय?"

दुसऱ्या दिवशी सुगात्र सगळ्यांपुढे चालला. वेशीवर पोरे हसली, बायकांनी पदर तोंडाला लावले. त्याला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले, आणि त्याच वेळी समोर राजाचा हत्ती आला. पृथुसेन राजाला खाली उतरवायला चौघे धावले. तो अंगाने सुगात्राच्या दीडपट होता. इतक्या जवळून त्याला पाहायची सगळ्या तापसांची ही पहिलीच वेळ होती.

राजा सरळ सुगात्रापुढे आला आणि हळूच म्हणाला, "आपण किती वर्षं तापस आहात?"

"अकरा, महाराज."

"आमचे पुरोहित म्हणतात, या देहाला व्रत झेपायचं नाही. आधी बारीक व्हा, मग धर्माचं बघू. वीस वर्षं मी बारीक व्हायची वाट बघतोय." राजाला पुढे बोलवेना. त्याने डोळे पुसले. "म्हणजे मलाही जमेल म्हणायचं!"

त्याच दिवशी राजाने पाच शीले पाळायचे व्रत घेतले. लोणच्याच्या बरण्या उद्यानात आल्या, आणि अब्रूचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. कौंडल मात्र रोज पहाटे स्वतःच सुगात्राच्या दाराशी जाऊन बसू लागला. दोन्ही हातांनी द्रोण घेई आणि तळ बोटाने पुसून चाटी. माघ संपण्याआधी त्याचा खोकला गेला, तरी तो येत राहिला.

गोष्ट सांगून झाल्यावर शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आपल्या विहाराला तांदूळ देणारा तो थोराड उपासक. अठ्ठावीस तापस म्हणजे मघाशी हसलेले तुम्ही सगळे. सुगात्र हा आजचा सोमदिन्न, आणि आचार्य मीच होतो."

त्यांतला कौंडल कोण, हे त्यांनी सांगितले नाही. रेणुगुप्ताने आपल्या वाट्याच्या कापडातून हातभर पट्टी फाडली, सोमदिन्नाच्या अर्ध्या शिवलेल्या चीवराला ती लावली आणि खाली मान घालून तो टाके घालू लागला.

त्या शिवणीकडे पाहत शास्ता म्हणाले, "यालाच मैत्री म्हणतात."