पाखऱ्याची बाजू

फार मागं, माळावरच्या एका गावात कोंडाजी, त्याची सगुणा आणि त्यांचे दोन बैल राहायचे. जुवाला पाखऱ्या उजवीकडं, मोऱ्या डावीकडं. पाखऱ्या म्हणजे नुसतं वारं! मोऱ्याला खांदा टेकून तो सदा अर्धं पाऊल पुढं ओढायचा. पण जत्रेतल्या शर्यतीचं निशाण दरसाल शेजारगावचा लख्या बैल न्यायचा. ते निशाण आपलं व्हावं म्हणून पाखऱ्याचा जीव तुटायचा.

एकदा तो म्हणाला, "मोऱ्या, तुझी पावलं तोकडी. मी लख्याच्या जोडीला जातो."

"जा बाबा," मोऱ्या म्हणाला. "पण तिथं उजवीकडं कोण असतं, ते विचारलंस का?"

पाखऱ्यानं शेपटी उडवली आणि निघून गेला. लख्याही उजवीकडचाच निघाला, आणि बाजू काही सोडेना. मग पाखऱ्याला डावीकडं जुंपलं. पळताना तो सवयीनं डावीकडं खांदा टेकायला गेला, आणि तिथं मोऱ्या नव्हता. गाडी थेट निवडुंगात!

"सरळ पळता येत नाही होय रे, पाहुण्या?" लख्यानं टोमणा मारला.

पाखऱ्या दावं तोडून घरी आला. गोठ्यात मोऱ्या एकटाच होता, तरी डाव्या कडेला अंग चोरून उभा.

"एवढी जागा मोकळी, पसरून का नाही बसलास?"

"नाही जमलं बुवा," मोऱ्या म्हणाला. "ये, उभा राहा."

पुढच्या जत्रेत पाखऱ्या पहिल्यांदाच मोऱ्याच्या पावलाला पाऊल लावून पळाला. निशाण कोंडाजीच्या दारी लागलं, आणि सगुणानं दोघांना एकाच सुपातून पुरणपोळी चारली.