पथ्य कुणाला?

एकदा एक वृद्ध वैद्यबाई आपल्या शिष्येसह नदीकाठच्या गावी आल्या. तिथे येसू नावाची विणकरीण मैना नावाच्या बाईबरोबर राहत असे. दोघींचे एकमेकींवर प्रेम होते. त्यांचा संसारच होता, फक्त गाव त्याला संसार म्हणायला तयार नव्हते. अलीकडे येसू फार पिऊ लागली होती. तिचे पोट सुजले होते.

"बाई, ही जगेल ना?" मैनेने विचारले.

वैद्यबाईंनी नाडी पाहून पुड्या दिल्या.

"आणि पथ्य?" शिष्येने विचारले.

"ते उद्या. आज तू इथेच बस आणि हिचा हात बाटलीकडे केव्हा जातो ते पाहा."

थोड्याच वेळात शेजारच्या काकू आल्या. "येसू, स्थळ आणलंय! साठीचा आहे, पण दात सगळे शाबूत."

"मग त्याला चणे द्या, काकू. मी कशाला?"

सगळ्या हसल्या. काकू गेल्या आणि येसूने पेला भरला. दुपारी पुजारीबुवा दारातूनच म्हणाले, "दारू सोड, पोरी. आणि हिलाही सोड." या वेळी पेला काठोकाठ भरला.

शिष्येने पाहिलेले सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी वैद्यबाईंनी काडेचिराइताचा कडूजहर काढा केला आणि काकूंना व बुवांना बोलावून वाट्या पुढे केल्या.

"या दोघींबद्दल काही बोलावेसे वाटले, की एक घोट तोंडात धरायचा."

काकूंनी एकच घोट घेतला आणि त्यांचा चेहरा सुरकुतला. "आजारी ती, आणि कडू आम्ही का प्यायचं?"

"औषध ती घेते आहे. दारूही तिलाच सोडावी लागेल, ते तुम्ही करू शकत नाही. पण तिला रोज हिणवले जाते, आणि ते गिळायला ती पेला उचलते. म्हणून पथ्य तुम्हाला."

बुवांना बरेच बोलायचे होते, पण तोंड भरलेले होते.

संध्याकाळी काकू पुन्हा आल्या. ओठ दोनदा उघडले, दोनदा मिटले. शेवटी म्हणाल्या, "जेवलात का गं दोघी?"

येसूच्या हातात पेला होताच. तिने तो अर्धाच पिऊन खाली ठेवला आणि काकूंसाठी पाट मांडायला उठली. शिष्या वैद्यबाईंकडे पाहू लागली. आता तिला विचारण्यासारखे काही उरले नव्हते.