आवडू शिवेवरून परत फिरली

बसा सगळे, आणि पोरांना पुढे घ्या. ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो, तेव्हा कुणी मधे "आजी, शांत व्हा" म्हणायचं नाही. मला शांत व्हायचं नाहीये.

फार फार वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या आपल्या या तिवराळ्यात आवडू नावाची एक सून होती. सोमाची बायको. तिची तीन बाळंतपणं फुकट गेली होती. चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा वैदूने सांगितलं, हिला आता उठू द्यायचं नाही. मग सोमाने बाजेच्या पायथ्याखाली दोन चिरे लावले आणि आवडू महिनोन् महिने तशीच पाय वर करून पडून राहिली. खाणं आडवं, पिणं आडवं. कूस बदलायची तरी जीव मुठीत धरून. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं बरं का. येता-जाता बायका खिडकीतून विचारायच्या, "काय गो आवडू, बरी आसंस मां?"

आणि त्याच वर्षी गावपळण आली.

गावपळण म्हणजे काय ते लहानग्यांसाठी सांगते. देवाने कौल दिला की अख्ख्या गावाने घरदार सोडायचं आणि शिवेबाहेर रानात झोपड्या बांधून राहायचं. तीन दिवस गाव देवाचं. देव आपल्या गणांना घेऊन तिथे फिरतो, माणसाने पाऊल टाकायचं नाही, असं म्हणतात. गावचा मुख्य मानकरी तेव्हा बापजी गावकर होता. त्याने देवाच्या अंगाला फुलांच्या कळ्या लावल्या, उजवी कळी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार. कौल झाला.

झालं! गाव कामाला लागलं. कोंबड्यांसाठी डालगी विणली, म्हाताऱ्या बैलासाठी वेगळा गोठा बांधला. बैलाची काळजी हो! आणि आवडूचं काय, हे एकालाही सुचू नये?

सोमा बापजीकडे गेला. हात जोडून म्हणाला, "बापजीनू, तिका हलवलंव तर पोर हातचा जातला."

बापजी पान चघळत म्हणाला, "देवाचो कौल तुझ्या बायलेसाठी बदलूचो?"

सोमा मान खाली घालून घरी आला. जळ्ळं मेलं ते मान खाली घालणं! अरे, भांड ना! पण भांडला नाही. पहाटे त्याने आणि त्याच्या भावाने चादरीची झोळी केली, बांबूला बांधली आणि आवडूला त्यात घालून उचललं. सहा महिने जिला जमिनीला पाय लावू दिला नव्हता, ती आता खडकाळ पाणंदीतून गचके खात निघाली.

गावासोबत शिवेवरच्या वडापाशी पोचले आणि तिला कळा सुरू झाल्या.

आता गंमत ऐका. गंमत कसली, ऐकून अंगाचा तिळपापड होतो माझा. बायका म्हणाल्या, देवाच्या दिवसांत झोपडीत बाळंतीण नको, सगळ्यांना सोयर लागेल. पुरुष म्हणाले, मागे फिरायचं नाही, देव कोपेल. आणि एकजण तिच्या कपाळावर हात ठेवून काय म्हणाली माहीत आहे? "वायच दम धर गो. रान येऊंदे, मगे बघूया." दम धर! कळा म्हणजे काय पाहुणे आहेत, जरा ओटीवर बसा म्हणून सांगायला?

आवडूने बांबू धरला आणि झोळीतून खाली उतरली. बापजी आडवा आला, "खंय चललंस? गावात देव इलो हा!"

ती म्हणाली, "इलो आसात तर त्येका सांगतंय, वायच बाजूक सर, माका बाळंत होवचा आसा."

आणि ती शीव ओलांडून गावात चालू लागली, एकटी. सोमा वडाखाली उभा राहून रडला. रडला म्हणे! शिवेच्या अलीकडून रडून कुणाचं भलं झालंय? त्याने एक पाऊल टाकलं असतं तर आज मी त्याचंही नाव चांगलं घेतलं असतं.

पुढचं कुणी पाहिलेलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. असं म्हणतात, की ती वळणाआड गेली आणि गावात घुंगरांचा आवाज झाला, गावाची राखण करणाऱ्या देवचाराच्या वहाणांना घुंगरं असतात ना, तसा. विहिरीचा रहाट आपोआप कुरकुरला. आवडूच्या घरावरून धूर वर चढला, कुणीतरी पाणी तापवत असल्यासारखा. रानात माणसं कान देऊन बसली, जेवणं कुणाला सुचेनात. दुपारी ऊन डोक्यावर असताना बाळाचा टाहो ऐकू आला. असा खणखणीत, की वडावरची पाखरं उडाली, असं म्हणतात.

तरी कुणी गेलं नाही. तीन दिवस पुरे करून मगच गाव परतलं.

आवडू आपल्या दारात बसली होती, मांडीवर मुलगी. मुलगी दूध पीत होती. उंबऱ्याशी देवळातली देवाची तरवार धुऊन पुसून ठेवलेली. नाळ त्याच तरवारीने कापली होती. देऊळ तर कुलपात होतं आणि किल्ली बापजीच्या कडोसरीला! बापजीने कडोसरी चाचपली, किल्ली तिथेच होती. तो मटकन खाली बसला आणि ओरडला, "बायल नाय ही, साक्षात देवी आसा!"

लगेच नारळ आले, खण आले, हळदीकुंकू आलं. दम धर म्हणणारी सगळ्यांत पुढे. पाया पडायला रांग लागली हो!

आवडूने पाय पोटाशी ओढून घेतले. म्हणाली, "देवी म्हणा नको माका. शिवेर कळा येय होत्यो तेव्हा मी कोण होतंय? तुमी देवाक इचारलात. माका कोणी इचारूक नाय. देवान पाणी तापवल्यान, तुमी काय केलात?"

बापजीने पुढे केलेला नारळ मागे घेतला.

म्हणून तिवराळ्यात आवडूचं देऊळ नाही. नकोच म्हणाली होती ती. पण गावपळणीचं वर्ष आलं की देवाला कळ्या लावण्याआधी गावकर घराण्यातला मोठा पुरुष अनवाणी निघतो. ज्या ज्या घरात पोटुशी बाई आहे तिथे दाराबाहेर उभा राहतो, टोपी काढून विचारतो, "आवडूच्या नावान इचारतंय, बाय. जावया काय?" ती हो म्हणाली तर पुढे देवाला विचारायचं. नाही म्हणाली तर देवाला त्रास द्यायचा नाही.

मागच्या खेपेला वरच्या वाडीतल्या नव्या सुनेला सातवा महिना होता. गावकर दारात आले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने वरही पाहिलं नाही. "नाय," म्हणाली. गावकरांनी टोपी घातली आणि घरी गेले. त्या वर्षी तिवराळ्यातली एकही चूल विझली नाही.