गोधडीचं पोट

हा सपाट काळा कातळ पाहताय ना, त्याच्या कडेवरून हात फिरवून बघा. कशी गुळगुळीत लागते. मधे मात्र तो खडबडीतच आहे. कड झिजली ती बायकांच्या बसण्यानं. आमच्या दुईवाडीत सुगी आटोपली की वरल्या आळीच्या बायका वरून उतरतात, खालल्या आळीच्या खालून चढतात, आणि या कातळावर गोधडी अंथरून चहूबाजूंनी शिवायला बसतात. मीही बसते. माझी सासू बसायची, तिची सासूही बसायची. आमच्या गोधडी मंडळाची पाटी अलीकडची. बैठक फार जुनी.

आता तुम्ही घेतलेली गोधडी उलगडा. बरोबर मधे भाकरीएवढी जागा टाक्यांवाचून सोडलेली दिसेल, आणि तिथं कापड फुगून वर आलेलं. याला आम्ही गोधडीचं पोट म्हणतो. दरवर्षी कुणीतरी पाहुणी हळूच म्हणते, "मावशी, इथं शिवायचं राहिलं वाटतं." राहिलं नाही, बाई. राखलंय. का राखलंय, ते ऐका.

फार पूर्वी, असं सांगतात, दोन्ही आळ्यांत पाटाच्या पाण्यावरून वितुष्ट आलं. आधी कुणाच्या वाफ्यात पाणी सोडायचं, एवढीच गोष्ट. पण आमचे पुरुष म्हणजे राईचा पर्वत करणारे, आणि मग त्या पर्वतावर स्वतःच चढून बसणारे. त्यांनी वाघजाईच्या देवळात बेलभंडार उचलला. या आळीनं त्या आळीशी बोलायचं नाही. जो आधी बोलेल त्याची वाचा जाईल. शपथ पुरुषांनी घेतली आणि बायकांना घरी येऊन सांगितली. देवीचं नाव घेतलेलं, मोडणार कोण?

वरल्या आळीच्या गिरजेची मैना खालल्या आळीत दिलेली होती. वितुष्टाच्या आधीचं लग्न. मैनेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. माहेर कुठे, तर हाक मारली तर ओ येईल इतक्या अंतरावर. पण हाक मारायचीच बंदी. पोर सासरीच बाळंत झाली, आणि बाळाला मागे ठेवून गेली. गिरजेनं लेकीचं तोंड बांधावर उभं राहून लांबूनच पाहिलं म्हणे. जवळ आली नाही, कारण जवळ आली असती तर हंबरडा फुटला असता, आणि हंबरडा फोडताना लेकीचं नाव तोंडी आलंच असतं.

बाळ मुलगी होती. पौषाची थंडी. शेळीचं दूध तिला पचेना, झोप लागेना. रडून रडून आवाज मांजराच्या पिलाएवढा उरला. खालल्या आळीत तेव्हा अंगावर पाजणारी बाई नव्हती. वरल्या आळीत होती, गिरजेचीच सून. सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण मागायचं तर तोंड उघडावं लागणार.

मैनेची सासू तान्हूबाई मोठी धीराची बाई. एका सकाळी तिनं बाळाला सुईणीच्या मांडीवर दिलं, मैनेचं जुनं लुगडं काढलं, आणि ते या कातळावर आणून अंथरलं. कातळ देवीचा, ना ह्या आळीचा ना त्या आळीचा. सुईत दोरा ओवला आणि ती कडेनं टाके घालत बसली. सुईण बाळाला घेऊन शेजारीच बसली. बाळ रडत होतं, आणि ते रडणं वर गिरजेच्या दारापर्यंत जात होतं.

आमच्याकडे तान्ह्याच्या गोधडीला एक नियम आहे. खालचा थर घरच्या कापडाचा, वरचे आजोळच्या. तान्हूबाईनं एकच थर अंथरला होता. गिरजेनं वरून पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं पेटीतून मैनेचा लहानपणचा परकर काढला, आपलं मऊ झालेलं लुगडं काढलं, आणि खाली आली. मागोमाग सून, तिच्यामागं आळीतल्या बायका. कुणी चोळीचा तुकडा आणला, कुणी पदर. गिरजेनं आपले थर लावले आणि विहिणीच्या समोरच्या कडेला बसून सुई टोचली. बेलभंडारानं जीभ बांधली होती, हात नव्हे.

आता शिवणारणीला विचारा, चार बायका चार बाजूंनी शिवताना किती बोलावं लागतं. तू थांब, मी कोपरा वळते. कापड तुझ्याकडं ओढ. माझ्याकडं झोळ आलाय. इथं कुणी बोलेना. दोन्ही बाजूंनी टाके आत आत येत राहिले, आणि प्रत्येकीनं आपल्यापुढचा झोळ मधे ढकलला. उन्हं कलली तेव्हा मधोमध हे एवढं टेंगूळ उभं. दडपून शिवावं तर चुण्या पडणार. उसवावं तर कुणी, कुणाच्या बाजूनं? सगळ्या सुया हातात धरून बसल्या. एवढ्या शिवणारणी असून गोधडी नासली, असंच प्रत्येकीला वाटलं.

सुईण मात्र बाळाला सांभाळून दमली होती. तिनं ते उचललं आणि त्या टेंगळावरच पालथं घातलं. बाळाचा गाल त्या फुगलेल्या मऊ कापडात रुतला. त्यात आईचं लुगडं होतं, आईचा परकर होता. बाळ हुंदकलं, दोन्ही मुठींनी कापड धरलं, आणि झोपलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपलं.

कुणी हललं नाही. इतके महिने त्या बायका शपथेपायी गप्प होत्या. आता बाळ जागं होऊ नये म्हणून गप्प होत्या. मग गिरजा पुढे वाकली आणि अगदी कुजबुजत म्हणाली,

"विहीणबाई, नाव काय ठिवलं?"

वरल्या आळीची एक म्हणाली, "आत्याबाय, आवं वाचा जाईल तुमची."

"जाऊ दे की," गिरजा म्हणाली. "जिच्यासंगं बोलायचं ती गेली. मला नातीचं नाव बी ठावं न्हाय. कशाला ठिवू ही वाचा?"

तान्हूबाईच्या डोळ्यांना धार लागली. तीही तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "आजून ठिवलं न्हाय. तुमची वाट बगत हुते."

बाळ उठलं ते गिरजेच्या सुनेच्या पदराखाली. पोटभर प्यालं आणि जगलं. बारसं इथंच झालं. नाव काय ठेवलं, ते मात्र विचारू नका. वरली आळी एक सांगते, खालली दुसरंच, आणि त्यावरून आम्ही दरवर्षी भांडतो. बोलून भांडतो, एवढी सुधारणा झालीय.

देवीनं शपथेचा मान राखला, असंही म्हणतात. त्या दिवसापासून गिरजेचा आवाज बसला तो बसलाच. मरेपर्यंत ती कुजबुजतच बोलली. काहींचं म्हणणं, देवीनं थोडीच वाचा घेतली, बाकीची नातीसाठी ठेवली. माझी सासू म्हणायची, शिक्षाबिक्षा काही नव्हे. निजलेल्या लेकरापाशी बोलायची सवय लागली, ती गेली नाही.

आजही आम्ही गोधडी शिवताना पाटाच्या पाण्यापासून सुनांच्या नखऱ्यांपर्यंत सगळं बोलतो, पण टाके पोटापाशी आले की आपोआप गप्प होतो. सुया थांबतात. मग वरल्या आळीची एक बाई कुजबुजते, नाव काय ठिवलं? गोधडी कुणा तान्ह्याची असो की पिकल्या केसांच्या आजोबांची, हे विचारायचंच. आणि आम्ही खालल्या आळीच्या एकच उत्तर देतो.

तुमच्या गोधडीच्या वेळी ते मी दिलं होतं. आजून ठिवलं न्हाय. तुमची वाट बगत हुते.