नारबानं गॅस काढला

आमच्या वाडीत नारबा नावाचा एक भोळा गडी होता. देवानं त्याला डोकं दिलं होतं, पण ते पटका बांधायला.

वाडीजवळ लिमलेटच्या गोळ्यांचा कारखाना होता. कढया धुतल्या की गोड पाणी वाया जायचं. त्यातून गॅस काढायला शेठनं टाकी बांधली आणि तिच्यावर नेमला कोण? नारबा! काय ती पारख! मुकादम तात्या म्हणाले, "गॅस निघाला की पहिली शेगडी तुझ्या घरी." नारबाच्या बायकोला, सगुणाला, हे ऐकून रडूच आलं. चुलीच्या धुरानं बिचारीचे डोळे बारा महिने चुरचुरायचे.

तात्या म्हणाले, "नुसत्या गोड पाण्याचा गॅस होत नाही. विरजण लागतं. इथलं विरजण म्हणजे शेण. ध्यानात ठेव."

ठेवलं. घरी सगुणा म्हणाली, "अवो, दुधाला विरजण लावा." नारबानं पातेल्यात शेण टाकलं.

"अगं बया! विरजण म्हणजे दही!"

"असं होय?"

दुसऱ्या दिवशी टाकीत दोन गाडगी दही गेलं.

तात्यांनी कपाळ बडवलं. स्वतःच शेण कालवून ओतलं. "आता रबरी झाकणाच्या कडा घट्ट लिंप. आतले बारीक जीवच गोड खाऊन गॅस करतात. वारा लागला की मेले."

घरी सगुणा म्हणाली, "कोंबड्या टोपलीखाली डालून ठेवा." त्याही जीवच की! नारबानं डालगं चिखलानं लिंपलं. एक फट ठेवली नाही, कामाला पक्का. फडफड ऐकून सगुणा धावली म्हणून कोंबड्या वाचल्या.

"अवो, जीवांना मोकळा वारा लागतो!"

सकाळी नारबानं टाकीचं झाकण काढलं आणि वर बसून पटक्यानं वारा घातला.

तात्यांनी झाकण पुन्हा लिंपलं आणि हात जोडले. "बाबा, आता एवढंच कर. गोड आत गेलं, तोंड बंद, पोट फुगलं, आत गुडगुड झाली, की नळी लाव आणि काडी ओढ."

महिन्यानं टाकी खरंच फुगली. शेठ नवी शेगडी घेऊन उद्घाटनाला आले. "आधी जेवण, मग टाकी," म्हणाले. चौदा जिलब्या हाणल्या आणि नारबाच्या अंगणात बाजेवर आडवे झाले.

नारबानं निरखून पाहिलं. गोड आत गेलंय. तोंड बंद. पोट फुगलंय. गुडगुड तर शेजारी ऐकू येतेय.

"सगुणे, गॅस झाला गं!" तो ओरडला. शेठच्या तोंडात नळी घातली आणि काडी ओढली.

अर्धी मिशी गेली. शेठनं शेगडी काखेत मारली, टाकीला कुलूप ठोकलं आणि बोंबलत निघून गेले. सगुणा चुलीपुढं बसून हमसून रडायला लागली.

"रडू नकोस," नारबा म्हणाला. "लगीनसराई आलीय. मांडवात शंभर माणसं गोडधोड खाऊन आडवी होतील. आपण लांब नळी घेऊन जाऊ."